‘शक्यता आहे’ म्हणजे नेमकी किती?

मराठीतले ‘शक्यता आहे’ हे दोन शब्द फार सोशिक आहेत. शंभरात पाच वेळा घडणाऱ्या गोष्टीला ते चालतात आणि शंभरात पंचाण्णव वेळा घडणाऱ्या गोष्टीलाही चालतात. रोजच्या बोलण्यात त्याने काही बिघडत नाही, कारण बोलणाऱ्याचा सूर, चेहरा आणि प्रसंग यांवरून ऐकणारा उरलेला अर्थ भरून काढतो. हवामान बदलाविषयीच्या अहवालांतली विधाने मात्र सुराशिवाय आणि चेहऱ्याशिवाय आपल्यापर्यंत येतात, आणि तिथे हा सोशिकपणा महागात पडतो. ज्या विधानामागे मूळ अहवालात ‘किमान ९० टक्के संभाव्यता’ असे मोजमाप असते, ते मराठीत येताना ‘अशी शक्यता वर्तवण्यात आली आहे’ एवढेच उरते, आणि वाचक त्याला ‘होईलही, नाहीही होणार’ अशा गोष्टींच्या खणात टाकून पुढे जातो.

‘अंदाज’ या शब्दाचे दुखणे वेगळे आहे. उद्या पाऊस पडेल का याचे उत्तर म्हणजे अंदाज, डोळ्यांनी जोखलेली लांबी म्हणजे अंदाज आणि भौतिकीच्या समीकरणांवर चालणाऱ्या डझनावारी संगणकीय प्रारूपांतून (मॉडेलांतून) काढलेले शतकाअखेरचे तापमान म्हणजेही अंदाजच. ‘अनिश्चितता’ हा तर सरळसरळ अज्ञानाचा समानार्थी शब्द होऊन बसला आहे. शास्त्रज्ञ जेव्हा अनिश्चितता सांगतो, तेव्हा आपल्याला किती माहीत आहे आणि ती माहिती कुठपर्यंत पुरते याची सीमारेषा तो आखत असतो; ऐकणाऱ्याच्या कानावर मात्र ‘यांनाही नक्की माहीत नाही’ एवढेच पडते. या घोटाळ्याचा फायदा काही जण जाणूनबुजून घेतात हे खरे, पण बाकीचे आपणही त्याला हातभार लावतो. माझे म्हणणे असे की, हवामानाच्या प्रक्षेपणांतून, म्हणजे काही गृहीतके धरून प्रारूपांनी काढलेल्या भविष्याच्या आकड्यांतून, अनिश्चितता गाळून टाकली तर ती प्रक्षेपणे सोपी होत नाहीत, चुकीची होतात. आणि ही अनिश्चितता नीट वाचली तर ‘थांबा आणि पाहा’ म्हणणाऱ्यांच्या बाजूने तिची साक्ष पडत नाही.

१९८८ साली जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी मिळून स्थापन केलेल्या, हवामान बदलाविषयीच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या आयपीसीसी या आंतरशासकीय मंडळाला हा भाषेचा प्रश्न लवकरच भेडसावला. एका लेखकाचे ‘बहुधा’ हे दुसऱ्याच्या ‘बहुधा’हून वेगळे असेल, तर हजारो पानांच्या अहवालाला अर्थ राहत नाही. म्हणून २००१ च्या तिसऱ्या अहवालापासून शब्दांना टक्के बांधून देण्यात आले, आणि पुढे २०१० साली सर्व लेखकगटांसाठी त्याची सामाईक मार्गदर्शिका तयार झाली. तिच्यानुसार इंग्रजीतला ‘लाइकली’ हा शब्द ६६ टक्के किंवा त्याहून अधिक संभाव्यतेसाठीच वापरायचा, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान ९० टक्के, ‘एक्स्ट्रीमली लाइकली’ म्हणजे किमान ९५ टक्के आणि ‘व्हर्च्युअली सर्टन’ म्हणजे किमान ९९ टक्के. खालच्या बाजूलाही अशाच पायऱ्या आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर झालेली बहुतांश तापमानवाढ माणसामुळे झाली, हे विधान २००१ साली ६६ टक्क्यांच्या पायरीवर होते, २००७ साली ९० टक्क्यांच्या आणि २०१३ साली ९५ टक्क्यांच्या पायरीवर गेले. २०२१ च्या अहवालात मानवी प्रभावामुळे वातावरण, महासागर आणि जमीन तापली हे ‘निर्विवाद’ आहे असे म्हटले गेले आणि टक्केवारीची गरजच उरली नाही. वीस वर्षांत एखादे विधान शिडीच्या एकेक पायरीने वर जाताना दिसावे, ही विज्ञानाच्या इतिहासातली तशी दुर्मीळ सोय आहे, आणि ज्यांनी सुरुवातीचे ६६ टक्के प्रामाणिकपणे ६६ म्हणून नोंदवले त्यांच्यामुळेच ती झाली.

हे टक्के येतात कुठून, असा रास्त प्रश्न कोणीही विचारील. नाणे हजार वेळा उडवता येते, पृथ्वी हजार वेळा तापवता येत नाही. त्यामुळे इथली संभाव्यता वारंवारितेची नसते. निरीक्षणे, प्राचीन हवामानाचे पुरावे, प्रारूपे आणि भौतिकीचे नियम एकत्र ठेवून तज्ज्ञांच्या गटाने ठरवलेल्या विश्वासाचे ते माप असते. यावर ‘म्हणजे शेवटी मतच की’ असा शेरा मारता येतो, पण तो उथळ आहे. कर्करोगाच्या एखाद्या रुग्णाला उपचार लागू पडण्याची संभाव्यता सांगणारा वैद्यही त्या एकाच रुग्णाला हजार वेळा आजारी पाडून पाहत नाही. अशा विधानाचे मोल ते कोणत्या पुराव्यावर उभे आहे, ते उघडपणे तपासता येते का आणि नवा पुरावा आल्यावर ते बदलते का, यावरून ठरते.

आयपीसीसीच्या भाषेत संभाव्यतेच्या सोबतीला आणखी एक मोजपट्टी आहे, आणि सर्वांत जास्त गोंधळ या दोहोंची गल्लत झाल्यामुळे होतो. ती मोजपट्टी खात्रीची. पुरावा किती भक्कम आहे आणि वेगवेगळ्या पुराव्यांचा एकमेकांशी किती मेळ बसतो, यावरून विधानाला अत्यल्प ते अत्युच्च अशा पाच पातळ्यांपैकी एक दिली जाते. संभाव्यता घटनेविषयी बोलते, खात्री आपल्या समजुतीविषयी. समुद्रपातळीचे उदाहरण घ्यावे. उत्सर्जन अतिशय जास्त राहिल्यास २१०० पर्यंत जागतिक समुद्रपातळी १९९५ ते २०१४ च्या सरासरीपेक्षा ०.६३ ते १.०१ मीटरने वाढण्याचा संभव आहे, असे २०२१ चा अहवाल सांगतो. पण त्याच ठिकाणी तो असेही सांगतो की, हिमस्तर (जमिनीवरचे बर्फाचे प्रचंड थर) कोसळण्याच्या काही प्रक्रिया अजून नीट उमगलेल्या नाहीत, आणि त्यामुळे २ मीटरच्या जवळ जाणारी वाढही नाकारता येत नाही. या दुसऱ्या विधानाला ‘अल्प खात्री’ असा शिक्का आहे, आणि तो वाचणारे बहुतेक जण त्याचा अर्थ ‘घडण्याची शक्यता अल्प’ असा घेतात. शिक्क्याचा अर्थ तो नाही. हिमस्तरांचे वर्तन टक्क्यांत मांडण्याइतके आपल्याला समजलेले नाही, एवढेच तो सांगतो. पुढची शंभर वर्षे उभे राहायचे असलेले बंदर बांधणाऱ्याने या दोन अर्थांपैकी कोणता घेतला, यावर त्याच्या भिंतीची उंची ठरेल.

पहिल्या विधानातही एक खोच आहे. ०.६३ ते १.०१ मीटर ही ‘लाइकली’ कक्षा आहे, म्हणजे मधले ६६ टक्के. उरलेला एक तृतीयांश भाग कक्षेच्या बाहेर आहे आणि तो ढोबळमानाने दोन्ही बाजूंना वाटला, तर वाढ १.०१ मीटरच्या वर जाण्याची संभाव्यता सहात एक निघते. फासा टाकून सहा पडण्याइतकी. वाचणारा मात्र कक्षेची वरची मर्यादा ‘फार तर फार इतके’ अशी वाचतो. शतकाअखेरच्या तापमानाच्या कक्षा त्याच अहवालात ९० टक्क्यांच्या असतात आणि समुद्रपातळीच्या ६६ टक्क्यांच्या, हे ध्यानात न घेता दोन आकडे शेजारी मांडले की तुलनाच कोसळते. अहवालकर्त्यांनी सर्वत्र एकच माप वापरले असते तर बरे झाले असते, असे मला वाटते, पण त्यांची अडचणही कळते: जिथे टोकांविषयी बोलण्याइतका पुरावा नाही, तिथे ९० टक्क्यांची कक्षा आखणे म्हणजे नसलेल्या ज्ञानाचा आव आणणे.

या साऱ्या चर्चेच्या मुळाशी एक आकडा आहे. वातावरणातले कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दुप्पट झाले आणि हवामानाला नव्या समतोलापर्यंत पोचू दिले, तर पृथ्वीचे सरासरी तापमान किती वाढेल? याला हवामान-संवेदनशीलता म्हणतात. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ साली हाताने आकडेमोड करून ५ ते ६ अंश सेल्सिअस असे उत्तर काढले. १९७९ साली अमेरिकेत ज्यूल चार्नी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १.५ ते ४.५ अंश ही कक्षा दिली. २००७ साली आयपीसीसीने खालची मर्यादा २ वर नेली, २०१३ साली ती पुन्हा १.५ वर आणली आणि २०२१ साली कक्षा २.५ ते ४ अशी अरुंद केली, मध्यवर्ती उत्तर ३ अंश. म्हणजे चाळीसहून अधिक वर्षे आणि कल्पनेपलीकडे वाढलेली संगणकशक्ती खर्ची पडून हाती काय आले, तर ३ अंशांची कक्षा दीड अंशाची झाली. संशयवाद्यांचा हा आवडता मुद्दा आहे, आणि तो झटकून टाकण्यापेक्षा समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे.

कक्षा चिवट का राहिली, हे साध्या गणिताने दाखवता येते. इतर काहीच बदलले नाही, तर कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्याने तापमान सुमारे १.२ अंशांनी वाढेल, आणि या आकड्याविषयी फारसा वाद नाही. पण हवा तापली की तिच्यात बाष्प अधिक मावते, बर्फ वितळून काळी जमीन आणि पाणी उघडे पडते, ढगांची ठेवण बदलते, आणि या बदलांमुळे तापमान आणखी वाढते. समजा, प्रत्येक १ अंश वाढीमागे अशी ०.६ अंशाची भर पडते, त्या ०.६ वर पुन्हा ०.३६ ची, आणि असेच पुढे. या मालिकेची बेरीज मूळ वाढीच्या अडीच पट होते, म्हणजे १.२ चे ३ अंश होतात. आता हा ०.६ चा गुणक मोजताना दोन्ही बाजूंना ०.१ ची चूक होऊ शकते असे धरू. गुणक ०.५ असेल तर उत्तर २.४ अंश येते, ०.७ असेल तर ४ अंश. चूक दोन्हीकडे सारखीच, पण खाली ०.६ अंशाचा फरक पडतो आणि वर पूर्ण १ अंशाचा. चूक ०.२ ची धरली तर खालचे उत्तर २ अंश येते आणि वरचे ६. २००७ साली जेरार्ड रो आणि मार्सिया बेकर यांनी हाच मुद्दा काटेकोर गणिताने मांडला होता. खरे हवामान या मालिकेपेक्षा गुंतागुंतीचे आहे, आणि प्राचीन हवामानाच्या व आधुनिक निरीक्षणांच्या आधारे वरचे टोक आता बरेच आखूडही झाले आहे. २०२१ च्या अहवालात ९० टक्क्यांची कक्षा २ ते ५ अंश अशी आहे. तरीही मध्यबिंदूपासून खाली १ आणि वर २ हा कल उरतोच. अनिश्चितता दोन्ही बाजूंना सारखी पसरलेली असते आणि म्हणून ‘कदाचित कमीही होईल’ आणि ‘कदाचित जास्तही होईल’ यांची फिटंफाट होते, हा समज इथेच मोडतो. शिवाय तापमानवाढीचे नुकसान तापमानाच्या प्रमाणात वाढत नाही. तिसऱ्या अंशापेक्षा चौथा अंश अधिक महाग असतो. टोक वरच्या बाजूला लांब आणि त्या टोकावरचे नुकसानही मोठे, अशी दुहेरी कोंडी झाली की अनिश्चितता जितकी अधिक, तितका अपेक्षित धोका अधिक. ‘नक्की कळेपर्यंत थांबू’ म्हणणारे याच अनिश्चिततेचा उलटा हिशेब मांडतात.

प्रारूपे आजवर कितपत बरोबर ठरली, हेही तपासून झाले आहे. १९७० ते २००७ या काळात प्रसिद्ध झालेल्या १७ प्रक्षेपणांची पुढील काळात प्रत्यक्ष घडलेल्या तापमानवाढीशी तुलना करणारा अभ्यास झीक हाउसफादर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केला. त्यांतली १० प्रक्षेपणे निरीक्षणांशी जुळली, आणि उत्सर्जनाविषयीची चुकलेली गृहीतके बाजूला काढली तर १४ जुळली. उरलेली तीन जुळली नाहीत, हेही नोंदवायला हवे.

उत्सर्जनाच्या गृहीतकांचा इथे झालेला उल्लेख महत्त्वाचा आहे, कारण ‘अनिश्चितता’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी नांदतात. पहिली हवामानाची स्वतःची चंचलता. तिचा जोर पुढच्या एक-दोन दशकांच्या प्रक्षेपणांत आणि लहान प्रदेशांच्या बाबतीत जास्त. दुसरी प्रारूपांतील मतभेदांची, जिचे मुख्य ठाणे ढगांत आणि हवेतल्या सूक्ष्म कणांत आहे. तिसरी माणसे किती इंधन जाळतील याची. शतकाच्या अखेरीकडे जावे तशी ही तिसरी बाकी दोघींना मागे टाकते: १८५० ते १९०० च्या तुलनेत २०८१ ते २१०० मधील वाढ सर्वांत कमी उत्सर्जनाच्या मार्गावर १.० ते १.८ अंश आहे आणि सर्वांत जास्त उत्सर्जनाच्या मार्गावर ३.३ ते ५.७ अंश. या दोन कक्षा कुठेही एकमेकींना शिवत नाहीत. म्हणजे भौतिकीतल्या सगळ्या शंका एकत्र केल्या, तरी आपण कोणता मार्ग निवडतो यामुळे पडणारा फरक त्यांच्याहून मोठा आहे. आणि हा फरक पुढे आणखी संशोधन करून कळणारा नाही, कारण तो शोधायचा नसून ठरवायचा आहे. म्हणूनच आयपीसीसी या मार्गांना संभाव्यता देत नाही. हवामानशास्त्रज्ञ स्टीफन श्नायडर यांना ते पटत नव्हते. शास्त्रज्ञांनी आकडा दिला नाही, तर वाचणारा मनानेच आकडा ठरवील आणि तो अधिक वाईट असेल, असा त्यांचा २००१ मधला आक्षेप होता. त्यानंतर जे घडले ते पाहता तो आक्षेप निराधार म्हणवत नाही.

घडले असे की, सर्वाधिक उत्सर्जनाचा मार्ग ‘आहे तसे चालू राहिल्यास’ या नावाखाली वर्षानुवर्षे मिरवला गेला आणि त्याचे आकडे भविष्यवाणी म्हणून छापले गेले. हवामानकृतीच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही हे भरपूर केले, आणि त्यात मला त्यांचा दोष संशयवाद्यांपेक्षा कमी दिसत नाही. कृतीच्या बाजूचा असलो तरी हे म्हणणे मला टाळता येत नाही. सहाव्या, म्हणजे २०२१ च्या, अहवालासाठी आलेल्या नव्या प्रारूपांपैकी काहींनी संवेदनशीलता ५ अंशांच्या वर दाखवली, तेव्हाही मथळे त्याच आकड्यांचे झाले. प्रत्यक्षात आयपीसीसीने त्या प्रारूपांची कच्ची सरासरी न घेता निरीक्षणांशी ताडून कक्षा ठरवली. टोकाची शक्यता ‘टोकाची’ म्हणून सांगणे आवश्यक आहे. ती मधली म्हणून सांगितली की पुढे ती तशी घडत नाही, आणि मग खऱ्या टोकाविषयीही कोणी ऐकत नाही.

धोरण ठरवताना किती संभाव्यता पुरेशी मानायची, हा प्रश्न मात्र शास्त्रज्ञांच्या हातात नाही, आणि तो क्वचितच उघडपणे चर्चिला जातो. तापमानवाढ १.५ अंशांवर थोपवण्यासाठी २०२० च्या सुरुवातीपासून किती कार्बन डायऑक्साइड सोडता येईल याचा आयपीसीसीचा हिशेब एका आकड्याचा नाही: यशाची संभाव्यता ५० टक्के हवी असेल तर ५०० अब्ज टन, ६७ टक्के हवी असेल तर ४०० अब्ज टन, ८३ टक्के हवी असेल तर ३०० अब्ज टन. जगाचे वार्षिक उत्सर्जन ४० अब्ज टनांच्या आसपास आहे, म्हणजे प्रत्येक पायरीचा फरक अडीच वर्षांचा. आता ‘१.५ अंशांशी सुसंगत’ असे लेबल लावलेली योजना यांपैकी कोणत्या आकड्यावर उभी आहे, हे लेबलावरून कळत नाही. पन्नास टक्क्यांवर आखलेली योजना पूर्णपणे यशस्वी झाली तरी तिने नाणेफेकच विकत घेतलेली असते. भूकंपरोधक बांधकामाच्या अनेक संहिता ५० वर्षांत १० टक्के संभाव्यतेचा धक्का गृहीत धरून इमारत आखायला सांगतात, आणि त्या दहा टक्क्यांना कोणी अतिशयोक्ती म्हणत नाही. इमारतीची आणि वातावरणाची तुलना तंतोतंत नाही हे मान्य, पण एका ठिकाणी दहा टक्क्यांचा धोका झेपत नाही आणि दुसऱ्या ठिकाणी तेहतीस किंवा पन्नास टक्के मुकाट्याने स्वीकारले जातात, ही विसंगती निदान बोलून तरी दाखवायला हवी.

थांबण्याच्या बाजूचा एक युक्तिवाद गंभीरपणे घ्यावा असा आहे. उत्सर्जन घटवण्याचा खर्च आज आणि निश्चित आहे, त्याचा लाभ उद्याचा आणि अनिश्चित. मग अधिक माहिती येईपर्यंत साधने राखून ठेवणे शहाणपणाचे नाही का? चुका दोन्ही बाजूंनी सारख्याच सुधारता आल्या असत्या, तर हा युक्तिवाद बिनतोड ठरला असता. पण कार्बन डायऑक्साइडचा मोठा हिस्सा वातावरणात शतकानुशतके राहतो आणि वितळलेला हिमस्तर धोरण बदलल्याने पुन्हा गोठत नाही. संवेदनशीलता खालच्या टोकाला निघाली आणि आपण गरजेपेक्षा जास्त कपात केली असे कळले, तर कपातीचा वेग कमी करता येतो. ती वरच्या टोकाला निघाली आणि आपण थांबलो होतो असे कळले, तर परतीची वाट उरलेली नसते. १९९२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारात, तिसऱ्या अनुच्छेदात, गंभीर किंवा अपरिवर्तनीय हानीचा धोका असताना पूर्ण वैज्ञानिक निश्चितीचा अभाव हे उपाय लांबणीवर टाकण्याचे कारण होऊ नये, असे म्हटले आहे ते यामुळेच. त्या वेळी मानवी प्रभावाचे विधान ६६ टक्क्यांच्या पायरीवरही पोचलेले नव्हते.

राहिला भाषेचा प्रश्न. डेव्हिड बुडेस्कू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ देशांत केलेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, आयपीसीसीचे संभाव्यतावाचक शब्द सामान्य वाचक मधल्या मूल्यांकडे ओढून वाचतात: ‘अत्यंत संभवनीय’ गोष्ट त्यांना अभिप्रेत असल्यापेक्षा कमी संभवनीय वाटते आणि ‘अत्यंत असंभवनीय’ गोष्ट जास्त. शब्दाशेजारीच टक्क्यांची कक्षा छापली, तर हा विपर्यास कमी होतो. अहवालाच्या शेवटी परिशिष्टात तक्ता देऊन ते साधत नाही. आकडा वाक्यातच हवा. मराठीत यासाठी नवी परिभाषा घडवण्याची फारशी गरज नाही. ‘बहुधा’, ‘दाट शक्यता’, ‘जवळजवळ निश्चित’ हे शब्द आहेतच, फक्त त्यांचा हुद्दा ठरवून तो पाळावा लागेल आणि ‘शक्यता आहे’ला या कामातून निवृत्त करावे लागेल.

हेच मोजलेल्या आकड्यांनाही लागू आहे. २०२४ हे वर्ष औद्योगिक क्रांतीपूर्व काळापेक्षा १.५५ अंशांनी अधिक उष्ण होते, असे जागतिक हवामान संघटनेने जाहीर केले आणि त्यासोबत अधिक-उणे ०.१३ अशी मर्यादाही दिली. बहुतेक ठिकाणी ही मर्यादा गळाली आणि पॅरिस कराराची १.५ अंशांची रेषा ओलांडली गेल्याचे छापले गेले, वास्तविक ती रेषा एका वर्षाची नसून दीर्घकालीन सरासरीची आहे. समुद्रपातळीविषयीचे वरचे विधान माझ्या मते मराठीत असे लिहिता येईल: ‘उत्सर्जन अतिशय जास्त राहिले, तर आज समजलेल्या प्रक्रियांच्या आधारे २१०० पर्यंत समुद्र ६३ ते १०१ सेंटिमीटरने वर येण्याची संभाव्यता सहात चार आहे, याहून अधिक वर येण्याची सहात एक, आणि हिमस्तरांविषयी जे अजून समजलेले नाही त्यामुळे दोन मीटरच्या जवळची वाढही नाकारता येत नाही.’ हे वाक्य मथळ्यात मावणार नाही, पण बातमीच्या दुसऱ्या परिच्छेदात सहज मावते.